मालगाडीची शर्यत

शर्यतीच्या आदल्या दिवशी क्लबचा सेक्रेटरी माझ्या दुकानात येतो आणि काउंटरवर टी-शर्टांचा गठ्ठा टाकतो. घरच्यांसाठी फुकट. छातीवर माझ्या थोरल्या भावाचा गणवेशातला फोटो, खाली 'स्मृतिदौड'. दरवर्षी टी-शर्टाचा रंग बदलतो, फोटो तोच राहतो. यंदा निळा निघाला. मी मशीनवर किल्ली घासत होतो, मान वर न करताच ठेवा म्हणालो. त्याला तेवढं पुरतं. आई वेळेवर येईल ना, एवढं विचारून तो गेला.

शर्यत झाली की आठवडाभरात लोक त्या टी-शर्टांनी गाड्या पुसायला लागतात. एकदा सिग्नलला उभा होतो, तर शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच पुसायला फडकं काढलं आणि फडक्यातून दादा माझ्याकडे बघत होता. बोलणार काय? कापड चांगलं सुती आहे, पाणी टिपतं. शिवाय दादाचा जीव गाड्यांतच होता, त्याला आवडलंही असतं कदाचित. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

यातली खरी गोष्ट अशी की दादा जन्मात कधी धावला नाही. भरतीच्या वेळी धावावं लागलं तेवढंच, आणि त्यात तो पास कसा झाला हे फौजेलाच ठाऊक. ड्रायव्हरांची टंचाई असणार. लहानपणी शाळा सुटली की सगळी पोरं पाखरांसारखी उडायची, आणि पार मागून दादा यायचा, स्वतःचं दप्तर पाठीवर, आणखी दोघातिघांची खांद्याला. ज्याचा पाय मुरगळलाय, ज्याला ताप आहे, ज्याला नुसताच कंटाळा आलाय, अशा सगळ्यांची. गल्लीने त्याचं नाव मालगाडी ठेवलं ते कायमचं. आई दारात उभी राहून वाट बघायची. दाराची कडी रोज तीच घालायची आणि घालण्याआधी घरात तोंड करून विचारायची, "सगळे आले का?" बाबा आतून म्हणायचे, मालगाडी यायचीय.

मी कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो. गावातली निम्मी दारं माझ्या हातची आहेत. पण आमच्या दाराची कडी अजून आईच घालते. ऐंशीला आली तरी. रोज विचारते, सगळे आले का, आणि मी आतून म्हणतो, आले.

तर ही शर्यत दादाच्या नावाने कशी लागली ते सांगतो. त्याला घरी आणलं त्या दिवशी सोबत एक तरुण अधिकारी होता. दादाच्या तुकडीतला नव्हता, दुसरीकडून पाठवलेला. मैदानात गाव लोटलं होतं आणि तो भाषणाला उभा राहिला. म्हणाला, हा त्याच्या तुकडीचा सगळ्यात वेगवान धावपटू, याच्यापुढे कोणी जाऊ शकत नसे. बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, हा कोणाबद्दल बोलतोय? आईने त्यांचा हात दाबला. मयताच्या दिवशी कोणी चुका काढत बसतं का? मग अधिकारी म्हणाला, रस्त्यात सुरुंग फुटला तेव्हा हा जवान ट्रकच्या मागच्या बाजूला झोपलेला होता, त्याला काहीही कळलं नाही. दादा ड्रायव्हर, तो मागे झोपेल कसा, असं माझ्या मनात आलं होतं. पण लांबच्या रस्त्याला दोन ड्रायव्हर असतात, त्याची पाळी संपली असेल, अशी समजूत आम्ही काढली. समजूत काढायचीच म्हटली की माणसाला कारणं सापडतात.

दोनच महिन्यांत क्लबने जाहीर केलं की अशा धावपटूच्या नावाने दरवर्षी शर्यत होणार. पुलापासून जुन्या गिरणीच्या मैदानापर्यंत. बाबा म्हणाले, चालू द्या, लोक प्रेमाने करतायत. पुढे बाबा गेले. शर्यत चालूच राहिली. आईने निशाण दाखवायचं, मग मंचावर खुर्चीत बसायचं, बक्षिसं द्यायची, कोणी माईक पुढे केला की दोन शब्द बोलायचे. आई दरवर्षी एकच बोलते, "झोपेत गेला माझा. त्याला काही कळलं नाही." लोक सुस्कारा सोडतात. मी मागे तिची पाण्याची बाटली धरून उभा असतो. आई त्या एका वाक्यावर तगून आहे अशी माझी खात्री होती. म्हणून बाकी सगळं मी गोड मानून घेत आलो, टी-शर्ट, भाषणं आणि सेक्रेटरीसुद्धा.

यंदा सेक्रेटरी गेला आणि थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. अंगाने काटक, हातात कापडी पिशवी. नखांच्या कडेला पांढरा आणि लाल रंग बसलेला, धुऊन न जाणारा. मला वाटलं किल्ली हरवली असेल. त्यांनी काउंटरवरचा टी-शर्ट उचलला, दादाच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे तुमचे कोण. भाऊ, मी म्हणालो. त्यांनी बसायची परवानगी मागितली. मी स्टूल दिलं.

ते पाट्या रंगवणारे होते, इथून दिवसभराच्या वाटेवरच्या गावातले. त्यांचा मुलगा दादाच्याच ट्रकमध्ये होता आणि त्याच दिवशी गेला. दोन गेले हे आम्हाला माहीत होतं, दुसरं घर कोणतं ते कधी कळलं नव्हतं. तोच तरुण अधिकारी आमच्याकडून निघून दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेला होता. तिथे त्याने सांगितलं की ट्रकने पेट घेतला, सगळे उड्या टाकून बाहेर पडले, पण तुमच्या मुलाने माणसं मोजली, एक कमी भरला, म्हणून तो परत जळत्या ट्रकमध्ये शिरला. गावाने त्याच्या नावाची कमान बांधली. कमानीवर 'सोबत्यासाठी मागे फिरला' अशी अक्षरं आहेत, ती बापाने स्वतःच्या हाताने रंगवली, आणि दर उन्हाळ्यात त्यांवरून नव्याने ब्रश फिरवतो. यंदाही म्हातारबुवा शिडी लावून चढले होते. खालून एका माणसाने हाक मारली. नुकताच निवृत्त होऊन त्या गावात राहायला आलेला, त्या ट्रकमधून वाचलेल्यांपैकी एक. त्यांच्या मुलाला खेटूनच बसलेला.

तो म्हणाला, काका, असं नव्हतं झालं. तुमचा मुलगा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. पहिल्या दणक्यातच गेला, डोळे मिटलेलेच होते. मागे फिरला तो ड्रायव्हर. मी ओरडून सांगत होतो की तो गेलाय, जाऊ नको, पण कान सगळ्यांचेच बधिर झालेले. तो आत शिरला आणि टाकी फुटली.

ड्रायव्हरचं गाव त्यानेच सांगितलं, एवढं बोलून म्हातारबुवा थांबले. मशीन चालूच राहिलं होतं, ते मी बंद केलं.

मग त्यांनी विचारलं, तुमचा भाऊ धावायचा का? मी म्हणालो, चालायचासुद्धा नाही धड. त्यांनी मान हलवली. "आमचा धावायचा," ते म्हणाले. "दूध आणायला पाठवलं तरी धावत जायचा. अर्धं सांडायचा." त्यांच्या घरी आला तेव्हा तो अधिकारी धावण्याबद्दल अवाक्षर बोलला नाही, याचंच त्यांना तेव्हा नवल वाटलं होतं.

दोन घरं, पाठोपाठचे दिवस आणि तोंडओळखही नसलेले दोन मेलेले जवान. त्या अधिकाऱ्याचं वय तरी काय असेल तेव्हा? त्याच्या डोक्यात दोघांची अदलाबदल झाली. त्याच्यावर रागवावं इतकी ताकदही माझ्यात उरली नव्हती. राग आला तो समोर बसलेल्या म्हाताऱ्याचा. मी त्यांना स्पष्टच म्हणालो की इतकी वर्षं झाली, हे आता उकरून कोणाचं भलं होणार? माझ्या आईजवळ एकच गोष्ट आहे, तो झोपेत गेला ही. ती तुम्ही काढून घ्यायला आलात का? म्हणे मागे फिरला, आगीत शिरला. हे ऐंशीच्या बाईला सांगू मी?

ते चिडले नाहीत. म्हणाले, नका सांगू. मी तुमच्यावर सोपवून जातो. मला फक्त जे आमचं नाही ते परत करायचं होतं, शिडीवर उभं राहवत नाही आता. आणि एक मागणं होतं. उद्याची शर्यत लांबून बघितली तर चालेल का? इतकी वर्षं माझ्या पोराची शर्यत कुठेतरी धावली जातेय आणि मला पत्ताच नव्हता.

याला नाही कसं म्हणायचं? मी बायकोला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, आधी त्यांना जेवायला घेऊन या, उपाशी माणसाशी काय वाद घालताय. आईला सांगायचं की नाही ते मागाहून बघू. म्हणून मी दुकानाचं शटर ओढलं आणि वाटेत म्हाताऱ्यांना दोनदा बजावलं की आईसमोर तुम्ही परगावचे गिऱ्हाईक, कपाटाचं कुलूप दाखवायला आलात. ते बरं म्हणाले.

आई खिडकीपाशी बसून शर्यतीच्या दिवशी नेसायच्या साडीची शिवण उसवली होती ती घालत होती. मी सांगितलं, हे गिऱ्हाईक. आईने चष्म्यावरून पाहिलं, त्यांना बसायला सांगितलं. जेवणं झाली. कपाटाच्या कुलपाबद्दल मी इतकं बोललो की बायकोने माझ्याकडे डोळे वटारले. मी जन्मात धड खोटं बोलू शकलेलो नाही, आणि खोटं जमत नाही असा माणूस भलतंच सविस्तर बोलतो.

जेवून म्हातारबुवा हात पुसत होते. समोरच्या भिंतीवर दादाचा फोटो आहे, गणवेशातला नव्हे, ट्रकच्या खिडकीतून कोपर बाहेर काढलेला. त्यांची नजर राहून राहून तिकडे जात होती. आईने सुई शिवणीत टोचून ठेवली आणि विचारलं,

"भाऊ, तुमचा मुलगा धावायचा का हो?"

म्हातारबुवांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांच्याने खोटं बोलवेना. त्यांनी नुसती मान हलवली आणि तोंडावर हातरुमाल धरला. इतकी वर्षं फौजीचा बाप म्हणून ताठ बसलेला माणूस आमच्या जेवणाच्या टेबलाशी मुलासारखा रडला. बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मी आईला म्हणालो, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, सांगायला कोण हवं? धावणं आपल्या पोराचं नव्हतं हे तर त्याच दिवशी कळलं. म्हणजे ते भाषणच दुसऱ्याच्या पोराचं होतं. मग त्यातलं अर्धंच दुसऱ्याचं आणि अर्धं आपलं, असं कसं असेल? धावणारा दुसरा, तर झोपलेलाही दुसराच. तेव्हापासून मी वाट बघतेय की ज्यांचं ते भाषण, ते कधीतरी येतील.

"मग दरवर्षी माईकवर झोपेत गेला म्हणतेस ते?" मी विचारलं.

"तू मागे उभा असायचास ना," आई म्हणाली. "दादा गेला तेव्हा तू रात्र रात्र जागायचास. ते ऐकून झोपायला लागलास."

मी तिला सांभाळतोय अशा भ्रमात इतकी वर्षं पाण्याची बाटली धरून उभा होतो, आणि सांभाळत ती होती मला. लाज वाटली, आणि खूप थकल्यासारखं झालं. मी खुर्ची ओढून बसलो.

मग आईने त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. घाई न करता. ट्रक कोण चालवत होतं? सगळे उतरले का? परत कोण गेलं? म्हातारबुवा सांगत होते, अडखळत, शब्द जपून. आगीबद्दल ते कमी बोलले आणि आईनेही तिथे जास्त विचारलं नाही. एका ठिकाणी मात्र तिने त्यांना थांबवलं.

"माणसं मोजली म्हणालात. मोजताना काही बोलला का तो?"

म्हातारबुवांनी आठवून पाहिलं. "तो वाचलेला सांगत होता खरा. ट्रकमध्ये ही रोजचीच गंमत होती म्हणे. कुठेही थांबले आणि निघायची वेळ झाली की ड्रायव्हर मागे वळून ओरडायचा, सगळे आले का? सगळ्यांनी आले म्हटल्याशिवाय किल्ली फिरवायचा नाही. त्या दिवशीही खाली उतरल्यावर तेच ओरडला. उत्तरात एक आवाज कमी पडला."

आई उठली. टेबलाच्या कडेला धरत धरत आत गेली. बायको मागे निघाली, तिला मी थांबवलं. आतून भांड्यांचा आवाज आला, मग गॅस पेटवल्याचा. बऱ्याच वेळाने आई स्वतः चहा घेऊन आली. डोळे लाल होते. कप त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "तुमचा झोपेत गेला. त्याला काही कळलं नाही. हे खरं आहे भाऊ, हे तुमचं तुम्ही न्या."

त्यांनी विचारलं, कमानीवर आता काय रंगवू? आई म्हणाली, बघू ते सावकाश, आधी उद्या तुमच्या पोराची शर्यत बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर नेहमीची गर्दी होती. निळे टी-शर्ट, दादाचे शेकडो चेहरे, त्यातले काही पोटावर ताणलेले. सेक्रेटरीने आईच्या हातात हिरवं निशाण दिलं. आईने ते तसंच म्हाताऱ्यांकडे दिलं. सेक्रेटरी गडबडला, म्हणाला, माईकवर यांची ओळख काय सांगू? आई म्हणाली, धावणाऱ्याचे वडील. त्याला काही उलगडलं नाही, पण आईशी वाद कोण घालणार? त्याने तसंच जाहीर केलं. म्हातारबुवांनी निशाण दोन्ही हातांनी उंच धरलं आणि खाली आणलं. पोरं सुटली. ती पुलाच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी ते पायांच्या चवड्यांवर उभे राहून तिकडेच बघत होते. चेहरा असा उजळला होता की माझ्या मनात जी थोडीफार अढी होती तीही गेली.

मैदानावर पहिले आलेले धापा टाकत बसले आणि सेक्रेटरीने लगेच बक्षीस समारंभ सुरू केला. नेहमीच तसं होतं. पाहुण्यांना घाई असते, मागे राहिलेल्यांसाठी कोणी थांबत नाही. त्याने आईला बक्षीस द्यायला बोलावलं. आई खुर्चीतून उठली नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने मोठ्याने पुन्हा बोलावलं.

आईने माईक मागून घेतला. मी मागे बाटली धरून उभा होतो. मला वाटलं आता सगळं सांगणार. ती एवढंच म्हणाली,

"सगळे आले का?"

मैदानात चुळबुळ झाली. सेक्रेटरी म्हणाला, मुख्य मुख्य सगळे आलेत, दोनचार रेंगाळलेले आहेत, ते येतील हळूहळू. आई म्हणाली, मग थांबू. माईक मांडीवर ठेवून ती रस्त्याकडे बघत बसली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. एकेक करून चारपाच जण आले. नंतर कोणीच दिसेना. लोक जायला निघाले होते ते जाताजाता उभे राहिले, कारण म्हातारी बसलीय आणि आपण कसं जायचं. ऊन चढलं. शेवटी गिरणीच्या भिंतीकडून आमचा बेकरीवाला उगवला. दरवर्षी भाग घेतो, दरवर्षी शेवटचा येतो आणि रिकाम्या मैदानात खुर्च्या गोळा करणाऱ्यांना हात हलवून घरी जातो. लोकांनी भरलेलं मैदान बघून तो दचकला, काही अपघात झालाय की काय म्हणून वळून मागे बघायला लागला. लोक हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. तो लाजून लाल झाला आणि शेवटचं अंतर, खोटं नाही सांगत, धावला.

त्याने रेघ ओलांडली तशी आई उठली. म्हणाली, आता करा सुरू.

म्हातारबुवा दुपारच्या गाडीने गेले. आईने त्यांना पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं आणि निळे टी-शर्ट दिले. संध्याकाळी ती लवकरच आडवी झाली. दिवे लावून मी हिशोबाचं काहीबाही बघत होतो, तेवढ्यात तिची आतून हाक आली.

"आज कडी तू घाल रे. मी दमले."

मी दारापाशी गेलो. या घरात हा हात कडीला कधी लागला नव्हता. कडी धरली आणि तसाच उभा राहिलो. मग घरात तोंड करून विचारलं, "सगळे आले का?"

बायको हातातलं काम थांबवून बघत होती.

"आले," आई म्हणाली.

मी कडी घातली.